गुप्तहेराची टाळी आणि आपली

एखादा चित्रपट आपल्याला आवडला नाही, एवढे चारचौघांत सांगण्यासाठी धैर्य लागावे काय? वरवर पाहता प्रश्न क्षुल्लक आहे. चित्रपट ही करमणूक. ती कोणाला रुचेल, कोणाला रुचणार नाही, त्यात नीतिविचाराने लक्ष घालण्याचे कारण काय, असे कोणीही विचारील. परंतु डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यापासून पुढे कित्येक दिवस ठाणे, डोंबिवली आणि कल्याण या पट्ट्यात आम्ही जे ऐकले, त्यानंतर हा प्रश्न आम्हांला क्षुल्लक वाटेनासा झाला. चित्रपट होता ‘धुरंधर’. ५ डिसेंबर २०२५ रोजी प्रदर्शित झालेला.

ज्या वाचकांनी तो पाहिला नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. दिग्दर्शक आदित्य धर. जानेवारी २०१९ मध्ये आलेला ‘उरी’ हा त्यांचाच. सुमारे साडेतीन तासांचा, प्रौढांसाठीचे प्रमाणपत्र मिळालेला, आणि एवढे करून दोन भागांतील केवळ पहिला. १९९९ चे कंदाहारचे विमान-अपहरण आणि २००१ चा संसदेवरील हल्ला यांच्या पार्श्वभूमीवर कथा उभी राहते. भारतीय गुप्तचर यंत्रणेचा प्रमुख एका तरुणाला हमझा या नावाने कराचीतील ल्यारी भागात पेरतो. रहमान डकैत या टोळीप्रमुखाच्या विश्वासात शिरावे, टोळीतून राजकारणात आणि राजकारणातून पाकिस्तानी हेरखात्याच्या जवळ जावे, हे त्याचे काम. हमझाच्या भूमिकेत रणवीर सिंग आहेत, रहमानच्या भूमिकेत अक्षय खन्ना. ल्यारी ही खरी वस्ती आहे. रहमान डकैत हाही खरा माणूस, २००९ मध्ये कराचीच्या पोलिसांकडून मारला गेलेला. हमझा मात्र कल्पित. चित्रपटाने त्याच महिन्यात जगभरच्या उत्पन्नात हजार कोटी रुपयांचा टप्पा ओलांडला. म्हणजे लोकांनी तो पाहिला, पुन्हा पाहिला, आणि त्यावर ते बोलले.

आमच्या या पट्ट्यात मते तयार होतात ती लोकलच्या डब्यात. सकाळी डोंबिवलीहून चढलेला मनुष्य ठाणे येईतो आपले मत सांगून मोकळा होतो आणि घाटकोपर येईतो त्याच्यावर दुसऱ्याचा प्रतिवादही होऊन गेलेला असतो. पहिल्या आठवड्यात आम्ही ऐकलेली मते खरोखरच रंगीबेरंगी होती. बँकेतून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी तो दोनदा पाहिला आणि आपल्याकडे असे कोणी करून दाखवले याचेच त्यांना अप्रूप होते. रुग्णालयात काम करणाऱ्या एका परिचारिकेला मध्यंतरापर्यंत बसवले नाही. रोज रक्त पाहणाऱ्या बाईला पडद्यावरचे रक्त का सोसू नये, यावर तिच्या घरी थट्टाही झाली. तिचे म्हणणे साधे होते : रुग्णालयात रक्त थांबवण्यासाठी धावपळ चालते, येथे ते वाहण्याची वाट पाहिली जाते. एका शिक्षकाला ल्यारीतील सगळीच माणसे कसायासारखी रंगवलेली खटकली. दुसऱ्या शिक्षकाला, त्याच शाळेतल्या, नेमके तेच खरे वाटले. महाविद्यालयातील मुलांचा तर नायकापेक्षा खलनायकावरच जीव जडला होता. रहमानच्या आगमनाला जे अरबी गाणे वाजते ते बहारीनच्या एका गायकाचे. त्या गाण्यावरचे अक्षय खन्नांचे नृत्य लग्नाच्या वरातींपर्यंत पोहोचले. (ज्या बहारीनमधून ते गाणे आले तेथे आणि आखातातील इतर देशांत चित्रपटाला परवानगी मात्र मिळाली नाही. जगाचा व्यवहार असाच चालतो.) देशप्रेमाचा चित्रपट पाहून आलेली मुले शत्रूच्या सरदाराची लकब उचलतात, यात आम्हांला काही विपरीत दिसले नाही. उत्तम अभिनयाची जादू मनाची सरहद्द विचारीत नाही, एवढेच त्यातून दिसले.

पुढे मात्र सूर बदलला. मते तीच राहिली. ती सांगण्याची रीत पालटली. ज्यांना चित्रपट आवडला नव्हता ते आधी आजूबाजूस पाहू लागले, मग ‘अभिनय उत्तम, पण...’ अशी सुरुवात करू लागले, आणि शेवटी त्या ‘पण’पुढे काहीच बोलेनासे झाले. कारण ‘पण’पुढे जे येई त्याचे उत्तर चित्रपटाविषयी नसे, बोलणाऱ्याविषयी असे. तुम्हांला देशाचे काहीच वाटत नाही काय? तुमचा माणूस गेला असता तर? देशभर हेच चालले होते. प्रतिकूल लिहिणाऱ्या समीक्षकांवर व्यक्तिशः इतकी गरळ ओकली गेली की फिल्म क्रिटिक्स गिल्ड या त्यांच्या संघटनेला त्याच महिन्यात जाहीर निषेध करावा लागला. न्यायाने हेही सांगितले पाहिजे की दडपण एकाच बाजूने येत नव्हते. ज्या मंडळींत आपल्या अभिरुचीचा थोडाफार अभिमान बाळगला जातो, तेथे चित्रपट मनापासून आवडलेला मनुष्यही गप्प बसू लागला. आवडला असे म्हणावे तर आपण भडक, बुद्धिहीन, द्वेषाला बळी पडलेले ठरू, या भीतीने. ज्या गृहस्थांनी तो दोनदा पाहिला होता त्यांच्याच सुनेने त्यांना पाहुण्यांसमोर हा विषय काढू नका म्हणून विनवले. घरे दोन, भीती एकच.

ही भीती कोठून आली, याचा विचार करताना या भूमीवरचे घाव विसरून चालणार नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसवर जो गोळीबार झाला त्यात अठ्ठावन्न माणसे गेली. ते स्थानक म्हणजे कोठले दूरचे ठिकाण नव्हे. ठाणे, डोंबिवली, कल्याण येथून निघणाऱ्या प्रत्येक गाडीचे ते दुसरे टोक. त्या रात्री आमच्या इमारतींमधून किती घरांत दिवे जळत राहिले आणि किती जणींनी दारातल्या प्रत्येक पावलाचा कानोसा घेतला, हे ज्यांनी अनुभवले त्यांना सांगावयास नको. आणि २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामला जे सव्वीस जण मारले गेले, त्यांतील तिघे एकट्या डोंबिवलीचे होते. एकाच नात्यागोत्यातले, सुट्टीसाठी कुटुंबासह गेलेले. भागशाळा मैदानात त्यांच्या अंत्यदर्शनाला जे लोक जमले त्यांत सर्व धर्मांचे, सर्व पक्षांचे लोक होते. आणि त्यानंतर सातच महिन्यांनी याच शहराच्या चित्रगृहांत हा चित्रपट लागला. त्या प्रेक्षागृहातल्या टाळीत शोक होता. असहायता होती. आपल्या वतीने कोणीतरी, कोठेतरी, काहीतरी करीत असावे ही जुनी आस होती. त्या टाळीला जे केवळ उन्माद म्हणतात त्यांनी डोंबिवलीचे दुःख नीट पाहिलेले नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

तरीही प्रश्न उरतोच. दुःखाला टाळी वाजवण्याचा हक्क आहे; पण दुसऱ्याकडून ती वाजवून घेण्याचा हक्क आहे काय?

याचे उत्तर शोधताना आम्हांला त्या चित्रपटातीलच एका प्रसंगाकडे परत यावे लागले. मुंबईवरचा हल्ला चालू आहे. ल्यारीतील ती मंडळी दूरचित्रवाणीसमोर जमली आहेत आणि जल्लोष करीत आहेत. हमझा त्यांच्यात आहे. ज्यांच्यासाठी तो नाव, गाव, आई सोडून येथे आला ती त्याचीच माणसे पडद्यावर मरत आहेत, आणि त्याला त्या जल्लोषात सामील व्हावे लागते. त्याने हात वर केला नाही तर संपले. पुढे पडदा रक्तासारखा लाल होतो आणि हल्लेखोर व त्यांचे सीमेपलीकडील सूत्रधार यांच्यातील त्या रात्रीचे संभाषण ऐकू येते. साडेतीन तासांत कित्येक मुडदे पडतात, पण आम्हांला विचाराल तर सर्वांत भीषण हिंसा या प्रसंगात आहे, आणि ती एका माणसाने स्वतःवर केलेली आहे. जे मनाला अमान्य आहे त्याचा उत्सव करणे. गुप्तहेराचे हालअपेष्टांचे जिणे, पकडले जाण्याचे भय, यातना, हे सर्व त्या एका खोट्या टाळीपुढे आम्हांला उणे वाटले.

आता वाचकांनी क्षणभर प्रेक्षागृहाकडे वळून पाहावे. तेथे अवघी रांग टाळ्या वाजवीत आहे, आणि एका खुर्चीत बसलेली एक मुलगी, जिला हे सारे पाहून शिसारी आली आहे, ती शेजाऱ्याकडे बघून टाळी वाजवते. तिने तसे का करावे? तिच्याभोवती शत्रू नाहीत. तिची आत्या आहे, मामेभाऊ आहे, इमारतीतले शेजारी आहेत. आपल्याच माणसांत तिला वेषांतर करून बसावे लागले. हमझाची यातना परमुलखात होती म्हणून ती शौर्य ठरली. तीच यातना आपण आपल्या घरच्या मुलीला आपल्या घरात भोगावयास लावली तर तिला काय म्हणावे? ज्या स्वातंत्र्यासाठी तो दूर देशी खोटे बोलत राहिला, ते स्वातंत्र्य म्हणजे दुसरे काय असते? आपल्या माणसांना तरी खोटे बोलावे लागू नये, हेच ना?

गुप्तहेराच्या खोट्याविषयी माणसाच्या मनात पूर्वीपासून दुभंग आहे. कौटिल्याने तो ठेवला नाही असे म्हणतात. अर्थशास्त्राच्या पहिल्याच अधिकरणात गूढपुरुषांचे प्रकार मोजले आहेत : कोणी व्यापाऱ्याच्या वेषात, कोणी गृहस्थाच्या, कोणी भिक्षुणीच्या. त्यांतला तापस तर नमुनेदार. नगराजवळ शिष्यांचा मेळा घेऊन बसावे, लोकांदेखत महिना-दोन महिन्यांनी मूठभर भाजी किंवा गवत खावे, आणि गुपचूप हवे ते जेवावे! महाराष्ट्राला तर बहिर्जी नाईकांचा अभिमानच आहे. १६६४ च्या सुरतेच्या स्वारीशी त्यांचे नाव जोडले जाते; वेष पालटण्यातील त्यांच्या हातोटीच्या कथा आमच्या मुलांना आम्हीही सांगितल्या आहेत आणि सांगताना आम्हांला कधी संकोच वाटला नाही. पण याच भूमीच्या स्मृतीत युधिष्ठिराचा रथही आहे. अश्वत्थामा नावाचा हत्ती मेला होता हे खरे. द्रोणाचार्यांना जे ऐकू गेले ते खोटे. आणि जमिनीपासून चार अंगुळे वर चालणारा तो रथ खाली टेकला. युद्ध पांडवांनी जिंकावयास हवे होते, याविषयी व्यासांना शंका नाही. तरी रथ टेकला, हे त्यांनी लिहून ठेवले. जिंकणाऱ्याच्या बाजूने असलेल्या कवीने हे लिहिले, याचे महत्त्व आम्हांला फार वाटते.

ख्रिस्ती परंपरेत या प्रश्नाचा जो ऊहापोह झाला त्याचा एक मासला या ठिकाणी नोंदवण्याजोगा आहे, कारण तो अगदी हेरगिरीचाच आहे. सुमारे ४२० साली कॉन्सेन्शियस नावाच्या एका गृहस्थाने संत ऑगस्टीन यांना विचारले : प्रिसिलियनपंथी लोक आपले मत लपवून ठेवतात, त्यांना उघडे पाडण्यासाठी आपल्यापैकी कोणी त्यांच्यातलाच असल्याचे सोंग करून आत शिरला तर चालेल काय? हेतू उत्तम, शत्रू फसवा. ऑगस्टीन यांनी त्यावर एक संपूर्ण ग्रंथ लिहून नकार दिला. खोटेपणा नाहीसा करण्यासाठी खोटेपणा करणे म्हणजे त्यालाच बळ देणे, हा त्यांच्या नकाराचा गाभा. मग यहोशवाच्या दोन हेरांना छपरावर लपवून राजाच्या माणसांना खोटे सांगणाऱ्या राहाबचे काय? तिला तर पवित्र शास्त्राने गौरवले आहे. ऑगस्टीन यांचे उत्तर असे की गौरव झाला तो तिच्या दयेचा, तिच्या असत्याचा नव्हे. सर्वांचे समाधान करील असे हे उत्तर नाही. पाठलाग करणाऱ्याला दार दाखवून देणारे सत्य काय कामाचे, असे आमच्यापैकी बहुतेकांना वाटेल, आणि आम्हांलाही तसेच वाटते. संत थॉमस अक्वायनस यांनी पुढे तेराव्या शतकात युद्धातील छाप्याविषयी लिहिताना एक सूक्ष्म भेद केला. आपला बेत शत्रूला न कळू देणे वेगळे. शत्रूला खोटे सांगणे किंवा दिलेला शब्द मोडणे वेगळे. पहिले चालेल, दुसरे चालणार नाही. कारण शत्रूशीदेखील पाळावयाचे काही करार असतात.

लपवणे आणि फसवणे यांतील हा भेद हेरांना किती उपयोगी पडला ते हेर जाणोत. आम्हांला तो प्रेक्षकांच्या बाबतीत फार उपयोगी वाटला. चित्रपट न आवडलेला मनुष्य गप्प राहिला, तर त्याने काही लपवले. तो त्याचा हक्क आहे, आणि प्रत्येक जेवणाच्या पंगतीत आपले मत मांडलेच पाहिजे असा काही नियम नाही. परंतु त्याने टाळी वाजवली तर त्याने शेजाऱ्याला फसवले. आणि ज्या शेजाऱ्याने त्याला तसे करणे भाग पाडले तो फसला, एवढेच नव्हे, त्याने स्वतःहून फसवणूक मागून घेतली.

शत्रूशी पाळावयाच्या करारांचा उल्लेख आला म्हणून चित्रपटातील एका गोष्टीकडे थोडे थांबून पाहावेसे वाटते. तिच्यावर डब्यात आणि घरात फारच कमी बोलले गेले, आणि जे बोलले गेले ते बायकांनी. हमझा एका राजकारण्याच्या मुलीशी, यालिनाशी, जवळीक साधतो आणि तिच्याशी लग्न करतो. तिच्या वडिलांच्या दारातून त्याला पुढे जावयाचे असते. त्याच्या मनात तिच्याविषयी काही कोमल भाव निर्माण होतो की नाही, हा दिग्दर्शकाचा प्रश्न. पण तिने ज्या माणसाला हो म्हटले तो माणूस अस्तित्वातच नाही. त्याचे नाव खोटे, गाव खोटे, धर्म खोटा. ख्रिस्तसभेच्या १९८३ च्या विधिसंहितेने तर अशी कपटाने मिळवलेली संमती विवाहाला पुरेशी मानलेलीच नाही. ती मुलगी बंदूक चालवीत नाही. तिचा अपराध एवढाच की ती कामाची आहे. तिच्या वाट्याला आलेल्या या फसवणुकीवर प्रेक्षागृहात कोणी हळहळले असेल तर ते आम्हांला ऐकू आले नाही.

आणि हे सर्व आम्ही कोठे बसून पाहत होतो? कल्याणला! ज्या कल्याणच्या सुभेदाराच्या सुनेची गोष्ट मराठी मुलाला बाराखडीबरोबर कळते. शत्रूच्या घरची स्त्री पुढे आणून उभी केली असता शिवाजी महाराजांनी तिला मानाने परत पाठवले, ती ही गोष्ट. तिला ऐतिहासिक आधार कितपत, याविषयी अभ्यासक साशंक आहेत, असोत. एखादा समाज कोणती गोष्ट तीनशे वर्षे सांगत राहतो, यावरून त्याला काय व्हावयाचे आहे ते कळते. हमझा काही सुभेदाराच्या सुनेवर हात टाकणाऱ्यांपैकी नव्हे, हे आम्ही जाणतो. त्याच्यावर जबाबदारी मोठी आहे. तरी शत्रूची मुलगी साधन म्हणून वापरावी आणि आम्ही चिवड्याचा घास घेत ते पाहावे, या वेळी त्या जुन्या गोष्टीची आठवण कोणालाच होऊ नये?

२०१८ च्या मे महिन्यात मेघना गुलजार यांचा ‘राझी’ आला होता. तेथे उलट होते. १९७१ च्या युद्धापूर्वी काश्मीरमधील एक मुलगी, सेहमत, पाकिस्तानी लष्करी अधिकाऱ्याच्या घरात सून म्हणून जाते, हेरगिरीसाठी. घरातल्या म्हाताऱ्या नोकराला ती गाडीखाली चिरडते, कारण त्याला सुगावा लागलेला असतो. थोरल्या दिराला विष देते. आणि नवरा, जो तिच्याशी चांगलाच वागला, त्याचा जीव तिच्याच बाजूच्या बॉम्बने जातो. काम फत्ते होते. देशाचे आरमार वाचते. आणि सेहमत कोसळते. त्या वेळीही मते दुभंगली होती. शत्रूचे घर इतके सुसंस्कृत दाखवण्याचे कारण काय, असे कित्येकांनी विचारले. तर कित्येकांना त्यामुळेच चित्रपट देशप्रेमाचा वाटला, कारण देशासाठी काय दिले याची किंमत त्यात लावलेली होती. आम्हांला आठवते ते एवढे की त्या वादात एकाने दुसऱ्याला देशद्रोही ठरवल्याचे आमच्या कानी आले नाही. ‘राझी’ श्रेष्ठ आणि ‘धुरंधर’ कनिष्ठ असा निवाडा आम्ही देत नाही. कारागिरीत दुसरा कित्येक ठिकाणी सरस आहे, आणि ल्यारीच्या गल्ल्या त्याने ज्या ताकदीने उभ्या केल्या त्याला दाद दिलीच पाहिजे. बदलले ते प्रेक्षागृह. सात वर्षांत आपण एकमेकांशी कसे बोलतो ते बदलले.

यावर एक आक्षेप नेहमी येतो आणि तो हलका नाही. आक्षेप असा : देश जेव्हा घायाळ असतो तेव्हा असल्या नाजूक विचारांची चैन परवडत नाही, शत्रू आपल्यातली फूट पाहत असतो, अशा वेळी एकमुखाने बोललेले बरे. आम्ही या आक्षेपाचे उत्तर पुन्हा कौटिल्याकडेच मागू, कारण त्याच्यावर कोणी हळवेपणाचा आरोप करणार नाही. हेरांनी आणलेल्या वार्तेवर राजाने विश्वास केव्हा ठेवावा? तिघांची वार्ता जुळली तर, असे तो सांगतो. त्यात एक अट गृहीत आहे : त्या तिघांना एकमेकांचा पत्ता नसला पाहिजे. एकमेकांकडे पाहून, धाकाने किंवा राजाला आवडावे म्हणून जुळवून घेतलेली वार्ता तीन मुखांतून आली तरी एकच, आणि तीही निकामी. प्रेक्षागृहातील एकमुखी टाळीचे असेच आहे. ती मोकळी असेल तर या गावाचे मन आम्हांला तीतून कळते. ती धाकाची असेल तर शंभर हातांतून काहीच कळत नाही. आणि ज्या समाजाला स्वतःचेच मन कळेनासे झाले, त्याचे बळ वाढले असे कौटिल्यानेही म्हटले नसते.

दुसरा आक्षेप हलका आहे, म्हणून झटकन पुढे जाऊ. हा शेवटी चित्रपटच आहे, एवढे मनावर काय घ्यावयाचे? बरे, मग न आवडलेल्यावर एवढे तुटून का पडावयाचे? दोन्ही एकदम म्हणता येणार नाही.

या आमच्या ठाण्याच्याच भूमीवर १३२१ साली थॉमस ऑफ टोलेंटिनो आणि त्यांचे तीन फ्रान्सिस्कन सोबती मारले गेले. त्यांना त्यांच्या श्रद्धेविषयी आणि दुसऱ्याच्या श्रद्धेविषयी प्रश्न विचारले गेले, आणि त्यांनी आडपडदा न ठेवता उत्तर दिले. एखादे गोलमोल वाक्य त्यांना वाचवू शकले असते. त्यांची आठवण काढण्याचा हेतू कोणा धर्माविरुद्ध जुनी खपली काढण्याचा नाही. तसे करणाऱ्यांची आज उणीव नाही. आठवण एवढ्यासाठी की ज्याला आपण हुतात्मा म्हणतो आणि ज्याला गुप्तहेर म्हणतो, ते दोघेही प्राणांवर उदार असतात, पण त्यांचा मार्ग परस्परांच्या अगदी उलट असतो. एकाचे सामर्थ्य चेहरा दाखवण्यात, दुसऱ्याचे लपवण्यात. राज्याला दुसऱ्याची गरज पडते, हे आम्ही नाकारीत नाही. पण सारेच नागरिक दुसऱ्या प्रकारचे होऊन कसे चालेल?

२६ नोव्हेंबरच्या त्या रात्री टर्मिनसच्या उपनगरी गाड्यांच्या भागात विष्णू झेंडे नावाचे एक उद्घोषक कामावर होते. रोज ते आमच्या कल्याण, कसारा, कर्जतच्या गाड्यांचे फलाट सांगत. काचेच्या आडून त्यांनी काय चालले आहे ते पाहिले आणि ध्वनिक्षेपकावरून प्रवाशांना पुनःपुन्हा सांगितले, पुढच्या बाजूने येऊ नका, मागच्या दाराने बाहेर पडा. हल्लेखोरांनी त्यांच्या खोलीवरही गोळ्या झाडल्या. ते वाचले, आणि त्यांच्या आवाजामुळे किती जण वाचले याची मोजदाद कोणी करू शकत नाही. त्यांतील बरेचसे आमच्याच स्थानकांवर उतरणारे असणार. त्यांच्याजवळ वेषांतर नव्हते, शस्त्र नव्हते. समोर जे दिसत होते ते मोठ्याने सांगणे, एवढेच त्यांनी केले.

त्यांच्यावर साडेतीन तासांचा चित्रपट निघेल की नाही, कोण जाणे. कोणी काढलाच, तर तो पाहून आल्यावर डोंबिवलीच्या डब्यात एखादा तरी म्हणेल की मजा नाही आली, फार संथ आहे. त्याला तसे म्हणू द्यावे.